प्रो रायडरचे व्हिडिओ बघून वेकबोर्डच्या ट्रिक शिकू नका, माझं स्पष्ट मत (पटत नसेल तर भांडा)

रॅलेवेडा (जर्मनी):
लांगेनफेल्डच्या केबलवर (तळ्यावर खांबांना टांगलेली फिरती तार, वेकबोर्ड म्हणजे ती फळी पायाला बांधलेल्या माणसाला बोटीऐवजी तीच ओढते) आम्ही चार-पाच मराठी टाळकी असतो वीकेंडला आणि दर वेळी तोच सीन, स्टार्टच्या रांगेत उभं राहून कोणीतरी फोन पुढे करतो, हे बघ रॅले कसली भारी मारलीये. रॅले म्हणजे हात लांब, अंग आणि बोर्ड मागे आडवं करून मारलेली उडी. व्हिडिओ कोणाचा, तर वर्ल्ड लेव्हलच्या प्रोचा. बॅकग्राउंडला ढिनचॅक गाणं, ड्रोन शॉट, माणूस आडवा हवेत, वरून दोन वाक्यं की जोरात कट मारा (तिरके पळा), दोरी लोड करा (ताणा) आणि सोडून द्या. मग आमचा भिडू तेच करायला जातो, बोर्ड मागेच राहतो आणि तोंडावर आपटतो.

माझं म्हणणं एवढंच की व्हिडिओ निवडताना ट्रिक किती भारी दिसते ते बघूच नका. पहिलं बघा तो बोटीमागे आहे का केबलवर, कारण बोटीचा टॉवर असतो जेमतेम दोन मीटर उंच आणि केबल जाते डोक्यावरून दहा मीटरच्या आसपास, म्हणजे ओढ वरून येते. शिवाय केबलवर लाटच नाही, सगळा पॉप, म्हणजे उसळी, तुमच्या एजमधून, म्हणजे पाण्यात रुतवलेल्या बोर्डच्या कडेतून, आणि दोरीच्या ताणातून काढायचा. बोटवाल्याला वेक (बोटीमागची लाट) उचलून देतो. नाव एकच असलं तरी शरीराला करायचं काम वेगळं आहे राव. दुसरं, स्पीड आणि दोरी किती ते सांगतोय का. आणि तिसरं, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, उडायच्या आधीचे पाच-सहा सेकंद दाखवलेत का. ट्रिक बिघडते ती तिथेच, आणि एडिटिंगवाला कापतो तेही नेमकं तेच. ज्यात शिकवणारा मुद्दाम चुकीचं करून दाखवतो आणि का पडलो ते सांगतो असा व्हिडिओ असेल, मग तो पन्नास लोकांनी बघितलेला असला तरी मी तोच निवडेन.

ऑर्लँडोची_मावशी:
रॅलेवेडा, तुझं अर्धं पटलं आणि अर्धं अजिबात नाही. मी इकडे फ्लोरिडात बोटीमागे शिकले, वय विचारू नकोस, आणि मला समजावून सांगणाऱ्या व्हिडिओंचाच जास्त त्रास झाला. दहा मिनिटं माणूस बोलतो, गुडघे असे, खांदे तसे, हँडल इथे, नजर तिथे. पाण्यावर तुला यातलं एक आठवतं, फार तर दीड. डोक्यात इतक्या सूचना घेऊन वेककडे गेलं की माणूस लाकडासारखा ताठ होतो.

मी काय करते सांगू, जगातला सगळ्यात चांगला रायडर निवडते, आवाज बंद. यूट्यूब पॉज करून कीबोर्डवरची स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं दाबली की एकेक फ्रेम मागेपुढे जातं, तसं बघते. प्रोची पोझिशन स्वच्छ असते म्हणून तो प्रो आहे ना. पार्क्स बोनिफेने १९९९ साली १०८०, म्हणजे हवेत तीन गिरक्या, मारली, वेकबोर्डवरची पहिली, ती कोणाच्या ट्यूटोरियलमधून शिकला असेल? सचिनचा स्ट्रेट ड्राइव्ह बघून गल्लीतली पोरं खेळायला शिकलीच की, तेव्हा तो काही समजावून सांगत नव्हता.

आणि टँट्रमचं, म्हणजे वेकवरून मागे मारायच्या कोलांटीचं, उदाहरण घे. अर्धे शिकवणारे सांगतात डोकं मागे टाका. आता कुठल्याही चांगल्या रायडरची टँट्रम फ्रेम फ्रेम बघ, वेकच्या माथ्यापर्यंत तो सरळ उंच उभा राहतो, डोकं जातं त्याच्यानंतर. सांगणारा सांगतो एक आणि त्याचं स्वतःचं शरीर करतं दुसरंच, त्याला ते माहीतही नसतं. मग मी तोंडावर का विश्वास ठेवू?

रॅलेवेडा (जर्मनी):
मावशी, शेवटचा मुद्दा मस्त आहे, तो घेतला. पण सचिन चालणार नाही, गल्लीत चुकला तर बोल्ड होतो, इथे ३० किमीच्या स्पीडला पाणी कानाखाली वाजवतं. आणि १०८० मारणारा माणूस लहानपणापासून पाण्यातच वाढलेला, त्याला ट्यूटोरियल लागलं नाही म्हणून सोमवार ते शुक्रवार ऑफिसात बसणाऱ्याला लागत नाही असं कसं?

प्रोचा आणखी एक लोचा आहे. तो ८० फुटाच्या दोरीवर २३-२४ माइलने जातो, बोटीत बॅलास्ट (वेक मोठा व्हावा म्हणून वजन) ठासून भरलेलं, वेक कमरेएवढा. आपण तेच बघून दोरी लांब करतो. दोरी जितकी लांब तितका वेक रुंद, मग पलीकडे पोचतच नाही, मधल्या सपाटीवर आपटतो आणि गुडघे बोंबलतात. नवख्याला ५५-६० फूट दोरी आणि २० च्या आसपास माइल, वेक अरुंद आणि टाइट. हे ज्या व्हिडिओत सांगितलेलंच नाही तो किती का सुंदर असेना, करमणूक म्हणून बघा.

गूफी_गौरी:
मधे बोलते. तुम्ही दोघंही रेग्युलर आहात वाटतं, डावा पाय पुढेवाले, म्हणून हा विषय निघालाच नाही. मी गूफी, उजवा पाय पुढे. माझ्या पाहण्यातले बहुतेक शिकवणारे रेग्युलर. सगळे सांगतात व्हिडिओ आरशासारखा उलटा करून बघ. बोटीमागे चालतं ते, काही फरक पडत नाही, बोट सरळच जाते. पण मोठ्या केबलवर नाही चालत!! बहुतेक मोठ्या केबल घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणजे वळण कायम डावीकडे. रेग्युलरवाला हीलसाइड (टाचेच्या बाजूने) कट मारतो तेव्हा तो आतल्या बाजूला जातो, मी मारते तेव्हा बाहेर. तो कॉर्नर हीलवर घेतो, मी टोवर (चवड्यावर). उलटा केलेला व्हिडिओ बघितला की त्यात केबलच उलटी फिरायला लागते, मग खांबाच्या किती आधी कट सुरू करायचा, ताण कुठे जास्त मिळतो, सगळं गणित चुकतं. केबलवर शिकताय तर तुमच्याच स्टान्सचा माणूस शोधा, जरा कमी चांगला असला तरी चालेल. दोन खांबांवाली छोटी केबल असेल तर वेगळी गोष्ट, ती पुढेमागे दोन्हीकडे जाते त्यामुळे तिथे उलटा व्हिडिओ चालून जातो.

कोरडा_पुणेकर:
वाचतोय. तुमच्याकडे पाणी आहे, केबल आहे, बोटी आहेत आणि तुम्ही व्हिडिओवर भांडताय. आम्ही इथे व्हिडिओच बघतो, पुढे काही नाही.

मस्करी सोडा. माझा मुद्दा वेगळाय, कोरड्यावर करता येईल असं काही दाखवतो तोच व्हिडिओ मी सेव्ह करतो. झाडाला दोरी बांधून हँडल पासची प्रॅक्टिस करतो, हँडल कमरेला चिकटवून पाठीमागे एका हातातून दुसऱ्या हातात. शेजारचे काका विचारतात काय रे बैल सोडला का. सुट्टीला भाचीकडे दुबईला गेलो की पाण्यावर. पण पाण्यावरचे तास मोजके असतील तर कोरडे ड्रिल दाखवणारा माणूसच खरा मास्तर.

गूफी_गौरी:
@कोरडा_पुणेकर बैल 😂😂 पण हे खरंय, ३६० मध्ये हँडल अंगापासून लांब गेलं की पास होतच नाही, आणि ते झाडाशीच कळतं, पाण्यात कळायला वेळच मिळत नाही.

सिंगापूरकर_नाना:
मी दोन्ही पार्टीच्या विरुद्ध. मी इथे ईस्ट कोस्टला केबलवर जातो, पोरगाही येतो, आणि माझं मत आहे की पहिल्या इन्व्हर्टपर्यंत (डोकं खाली, पाय वर जाणारी ट्रिक) व्हिडिओ बघूच नये, कोचकडे पैसे टाकावेत. व्हिडिओला तुम्ही दिसत नाही हो! तो सांगेल हात सरळ ठेवा, तुम्हाला वाटतं सरळच आहेत, प्रत्यक्षात कोपर वाकलेलं असतं. रॅलेत तर हा घोळ ठरलेलाच. लोक घाबरून हँडल लवकर ओढतात, मग बोर्ड मागे पूर्ण जात नाही, किंवा जातो आणि वेळेवर खाली येत नाही. आधी हात लांब, बोर्ड मागे जाऊ द्यायचा, मग हँडल कमरेकडे खाली ओढायचं की बोर्ड पायाखाली येतो. हे ऐकायला दहा सेकंद, पण ‘मग’ म्हणजे नेमकं कधी ते काठावरून बघणारा माणूसच ओरडून सांगू शकतो.

दुसरं, रॅलेवेडा भाऊ, ते चुका दाखवणारे व्हिडिओ तुम्हाला आवडतात, पण त्यातले निम्मे लोक व्ह्यूजसाठी पडतात. आपटाआपटी बघायला पब्लिक येतं. माझ्या पोराने असलेच बघून ठरवून टाकलं होतं की पडणं म्हणजे कूल. हेल्मेट, इम्पॅक्ट व्हेस्ट घालायचं नाव कुठल्या रीलमध्ये निघतं सांगा.

रॅलेवेडा (जर्मनी):
नाना, व्ह्यूजसाठी पडणारे आणि समजावण्यासाठी पडणारे ओळखू येतात हो. एक जण पडून हसतो, दुसरा पडून त्याच जागेवर परत जातो आणि म्हणतो आता एज आधी सोडली म्हणून असं झालं. मला दुसरा हवाय. हेल्मेटचं मात्र शंभर टक्के.

पण कोच सगळ्यांना परवडतो का? आणि कोचही त्याला जमतं तसंच शिकवतो, मावशीने मघाशी सांगितलं तेच. इथले काही जण रिक्सन नावाच्या जर्मन माणसाने साठच्या दशकात केबल काढली तेव्हापासूनच्या वॉटरस्कीच्या सवयीतले आहेत, कायम बसके, मागच्या पायावर वजन. वेकबोर्डवर पॉप हवा तर त्या क्षणी उंच व्हावं लागतं. त्यांच्याकडून ऐकलं आणि व्हिडिओतही बघितलं तेव्हा फरक दिसला. नुसत्या कोचवर राहिलो असतो तर कळलंच नसतं.

ऑर्लँडोची_मावशी:
नानांचं ‘व्हिडिओला तुम्ही दिसत नाही’ हे सोळा आणे, पण त्यावर उपाय कोचच कशाला? स्वतःचा व्हिडिओ काढा ना. बोटीतून कोणीतरी धरायचा, काठावरून नाही. काठावरून उंची दिसते, हँडल दिसतं, पण तुम्ही वेककडे किती तिरके आलात, एज हळूहळू वाढवली का शेवटी झटका दिला, ते बोटीतूनच दिसतं. आणि प्लीज ती अॅक्शन कॅमेऱ्याची वाइड लेन्स लावू नका, त्यात वेक एवढासा दिसतो आणि माणूस कुठेतरी पुण्यात. मग प्रोचा व्हिडिओ आणि आपला व्हिडिओ शेजारी शेजारी लावायचा, दोघं वेकच्या माथ्यावर असतील तिथे थांबवायचं. मला बोलणारा मास्तर लागतच नाही मग. तुझ्या पन्नास व्ह्यूजवाल्या माणसाशी तुलना करून काय मिळणार, त्याचीच पोझिशन बिघडलेली असेल तर?

रॅलेवेडा (जर्मनी):
केबलवर बोट कुठून आणू मावशी 🙂 आम्हाला काठच. म्हणून तर बोलणारा लागतो, जे काठावरून दिसत नाही ते त्याने तोंडाने सांगावं. पोझिशन बिघडलेल्याचं मान्य करणार नाही, मी निदान ती ट्रिक दोन्ही दिशांनी, स्विचसकट (नेहमीचा सोडून दुसरा पाय पुढे) मारणारा माणूस बघतो. स्विचमध्ये जमतं म्हणजे त्याला स्वतःला ती कळलीये, नुसती सवय नाहीये.

गूफी_गौरी:
हा स्विचचा निकष आवडला, चोरतेय. शिवाय मला फुकटात गूफी व्हर्जन मिळेल.

सिंगापूरकर_नाना:
निकष चांगला, पण रॅलेच्या आधी सरफेस १८० (पाण्यावरच अर्धी गिरकी), ऑली (साधी उडी), साधी एज न चुकता होते का हे कोण बघणार? यादीतला पहिला व्हिडिओ तो हवा, तो कोणी उघडत नाही कारण त्यात कोणी उडत नाही.

नवाच_आलोय:
सगळं वाचलं. रॅले, टँट्रम ठीक आहे पण मला अजून केबलच्या स्टार्टवरूनच उठता येत नाहीये, बसून सुरुवात करतो आणि दर वेळी पुढे पडतो. त्याच्यासाठी कुठला व्हिडिओ बघू?

ऑर्लँडोची_मावशी:
कुठलाच नको बाळा. पुढे पडतोस म्हणजे दोरी ताणली की तू हँडल छातीकडे ओढतोस किंवा झटकन उभा राहतोस. हात सरळ, हँडल खाली कमरेपाशी, गुडघे वाकलेले राहू दे, वजन थोडं मागच्या पायावर. ओढ आल्यावर दोन सेकंद काही करू नकोस, मग सावकाश उभा राहा. ऑपरेटरला सांग स्पीड कमी ठेवायला, मोठ्या केबलवर ऐकत नसतील तर दोन खांबांवालीवर जा, तिथे तुझ्या एकट्यासाठी मशीन हळू करतात.

सिंगापूरकर_नाना:
बघा, हे कोचिंगच झालं.