पिकअपला मोठे टायर घालू का? २१५/७५ आर १५ काढून २३५/७५ आर १५

जामसंडे_बाग

नमस्कार. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, सड्याच्या खालच्या अंगाला. बाबा गेल्यापासून बाग आणि गाडी दोन्ही मीच बघते. गाडी बोलेरो पिकअप, टायर २१५/७५ आर १५. मागच्या दोन टायरची नक्षी झिजून खुणेच्या पट्टीला टेकली आहे, म्हणजे बदलायचे तर आहेतच.

अडचण बागेच्या वाटेची. डांबरी रस्ता सोडला की तीनशे मीटर चढ, तांबडी माती आणि मध्ये मध्ये उघडा जांभा. एप्रिल-मेमध्ये पाच डझनी पन्नास पेट्या घेऊन गाडी सहज खाली येते. रडवते ती पावसाळ्यात. जूनमध्ये शेणखत वर न्यायचं, मग कल्टार (मोहोरासाठी झाडांच्या बुंध्याशी देतात ते औषध) घालायच्या दिवसांत पाण्याची पिंपं. चाकोऱ्या खोल गेल्यात आणि मधला उंचवटा मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलच्या गोळ्याला घासतो. गेल्या जुलैत गाडी त्या उंचवट्यावर पोट टेकून बसली. चाकं नुसती फिरत होती. सगळ्या गोणी उतरवून डोक्यावरून वर नेल्या, तेव्हा कुठे निघाली.

दुकानात सांगितलं, २३५/७५ आर १५ घाला, गाडी उंच होईल. आमचे ड्रायव्हर काकाही तेच म्हणतात. पण हीच गाडी भरून फोंडा घाटाने कोल्हापूरला जाते, त्यामुळे मला धास्ती वाटते. स्टेपनी धरून पाच टायरचे पैसे एकदम जाणार. कुणी घातले असतील तर खरं काय ते सांगा.

कणकवली_टायर

ताई, पैसे देण्याआधी गणित करून बघा. २१५/७५ म्हणजे टायरची रुंदी २१५ मिलिमीटर आणि बाजूची उंची तिच्या ७५ टक्के, म्हणजे १६१. दोन्ही बाजू आणि १५ इंची रिमचे ३८१ मिळवले की पूर्ण उंची साधारण ७०३ मिलिमीटर. तसंच २३५/७५ ची येते ७३३. फरक ३० मिलिमीटर. पण गोळा चाकाच्या मध्यावर असतो, म्हणून तो उचलला जाणार त्याच्या निम्मा, १५ मिलिमीटर. बोटभर. मागचे पाटे वाढवून गाडी उंच केलीत तरी गोळा तिथेच राहणार, कारण तो ॲक्सललाच आहे, बॉडीला नाही.

दुसरं, चाक काढून रिमवर कोरलेलं माप वाचा. साडेपाच जे, म्हणजे साडेपाच इंच रुंद, असेल तर २३५ विसरा. त्या टायरला कमीत कमी सहा इंच रुंद रिम लागते. अरुंद रिमवर टायर फुगीर बसतो, मधेच झिजतो आणि घाटातल्या वळणावर भरलेली गाडी डोलते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जुन्या टायरच्या बाजूला मापापुढे कोणता आकडा आहे, तो इथे लिहा.

जामसंडे_बाग

आत्ता बॅटरी घेऊन बघून आले. १०६/१०३, आणि खाली ८ पीआर. रिमवर साडेपाच जे.

कणकवली_टायर

मग प्रश्न मिटला. १०६ म्हणजे एका टायरने ९५० किलो पेलायचं. २३५/७५ आर १५ मध्ये जीपगाड्यांसाठी येणारा टायर बहुधा १०५ चा असतो, म्हणजे ९२५ किलो. दिसायला मोठा, पेलायला कमी! १०९ चाही मिळतो, १०३० किलोचा, पण तो तुमच्या रिमवर बसत नाही हे राहतंच. मालाच्या गाडीला पीआर (टायरच्या थरांची ताकद) आणि हा आकडा जुन्यापेक्षा खाली कधीही जाऊ देऊ नका, कुणी कितीही स्वस्तात दिला तरी.

राजापूर_अणुस्कुरा

मी घातले होते, रिमसकट. एक हंगाम चालवले आणि काढले.

सपाटीला छान वाटतं. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टला असते, एवढाच फरक. त्रास चढाला. चाक सव्वाचार टक्क्यांनी मोठं झालं म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांब झाला. अणुस्कुरा घाटात भरलेली गाडी पहिल्यात उचलताना अर्ध्या क्लचवर धरावी लागायची. क्लच प्लेट जळल्याचा वास अजून नाकात आहे. उतरताना ब्रेकलाही तेवढाच जास्त जोर. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर आतल्या पत्र्याला घासायचा.

आणि ताई, मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरचं माप असतं. कंपनीच्या मापाबाहेरचा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो. पासिंगला गाडी अडली तर हंगामाचे दिवस जातात, आंबा थांबत नाही.

चिरेवालो

ताई, माझी गाडी चिऱ्यांची. खाणीतसून भरून वर येवचा म्हणजे काय ता माका इचारा. चिखलात माप नाय, नक्षी कामाक येता. मागे आडव्या खाचीचे लग टायर घाला, तुमच्याच मापाचे. पुढचे बरे असतीत तर ऱ्हवांदेत. आणि आधी वाट बघा. मधलो उंचवटो पिकावान खणून काढा, चाकोरीत चिऱ्याचे तुकडे भरा. दोन माणसांचा एका दिसाचा काम. पण तुकड्यांची धार ठोकून बोथट करा, नायतर जांभो टायराची बाजू फाडता.

कणकवली_टायर

दादांशी सहमत. लग टायर डांबरावर थोडा आवाज करेल, तेवढं सोसा. घेताना बाजूचे शेवटचे चार आकडे वाचा. ११२४ असेल तर २०२४ च्या अकराव्या आठवड्यातला. दुकानात पडून जुना झालेला घेऊ नका. चिखलात पकड यावी म्हणून रिकाम्या गाडीची हवा थोडी कमी केलीत, तर माल भरण्याआधी परत पूर्ण भरायचीच. कमी हवेत भरलेला टायर तापतो आणि घाटात फुटतो.

जामसंडे_बाग

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, माफ करा. तुमचं वाचून मी आधी टेप घेऊन वाटेवर गेले. गोळ्याखाली १९ सेंटिमीटर जागा, आणि उंचवटा चाकोरीच्या तळापासून २४. पाच सेंटिमीटरची तूट, आणि मोठा टायर देणार दीड. हा हिशेब ड्रायव्हर काकांना तिथेच उभं राहून दाखवला. ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी पिकाव घेऊन आले.

काम दोन दिवस चाललं, एक नव्हे. मागे २१५/७५ आर १५ चेच लग टायर घातले, १०६ आणि ८ पीआर बघून. जुनी स्टेपनी तशीच ठेवली. परवा रात्रभर पाऊस पडल्यावर तीस गोणी शेणखत दोन फेऱ्यांत वर नेलं. गोळा एकदाही घासला नाही. फक्त वरच्या वळणावर उघडा कातळ आहे, तिथे शेवाळ धरलंय आणि मागचं डावं चाक घसरतं. चिरेवाले दादा, त्या कातळाला छिन्नीने खाचा मारल्या तर चालतील का?

चिरेवालो

चालतले. बोटभर खोल मारा, वाटेक आडवे, पण वायच तिरके. पाणी भायर जायत असे. शेवाळ आधी घासून काढा.