मदत हवी आहे: इन्सुलिनच्या सिरिंजचा घोळ आणि "जा, देऊन ये"

हरिपूरची

नमस्कार मंडळी. मी जीएनएमच्या (नर्सिंगच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, सांगलीत. कॉलेजचं आणि हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, समजून घ्या. सोमवारपासून पुन्हा मेडिसिन वॉर्डची पोस्टिंग आहे आणि आत्तापासूनच पोटात गोळा आलाय.

मागच्या खेपेला झालं ते असं. सकाळी नाश्त्याआधी एका काकांना प्लेन इन्सुलिन १६ युनिट द्यायचं होतं. ट्रेमधल्या लाल टोपणाच्या सिरिंज संपल्या होत्या, केशरी टोपणाची एक पडली होती. मी बरोबर १६ च्या रेघेपर्यंत भरलं. देणार तेवढ्यात स्टाफ ताईंनी मनगट धरलं. "कुपी कितीची आहे बघितलीस?" कुपीवर ४०, सिरिंजवर १००. त्या ओरडल्या नाहीत, पण सगळ्या वॉर्डासमोर टाकून द्यायला लावलं. तेव्हापासून साधी पॅन्टोची (ॲसिडिटीची) गोळी देतानाही हात थरथरतो. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ हे मला झोपेत उठवून विचारलं तरी येतं. तरी हे झालंच.

तर विचारायचं असं, की काकांना ते गेलं असतं तर नेमका किती फरक पडला असता? दुसरं, सिनिअर आधीच भरून ठेवलेली सिरिंज हातात देतात आणि म्हणतात, "जा, देऊन ये." तेव्हा काय बोलायचं? आणि ५०० मिली सलाईन आठ तासांत, याचे मिनिटाला थेंब माझे १६ येतात, मैत्रिणीचे २१. कोण चुकतंय?

औषधवाला, मिरज

फरक अडीच पटीचा. ४० ची कुपी म्हणजे १ मिलीत ४० युनिट. केशरी सिरिंज १०० च्या इन्सुलिनची, तिच्यावर १६ ची रेघ म्हणजे ०.१६ मिली, म्हणजे काकांना साडेसहा युनिटही गेली नसती. साखर चढली असती, एवढंच. उलटं झालं तर मात्र घात. इन्सुलिन पेनच्या काडतुसातलं १०० चं इन्सुलिन कोणी लाल, म्हणजे ४० च्या सिरिंजमध्ये ओढलं आणि १६ पर्यंत भरलं, तर ते ०.४ मिली होतं. म्हणजे ४० युनिट! म्हणून काडतुसातून सिरिंजने ओढायचंच नाही, पेन नसेल तर डॉक्टरांना कळवायचं. आणि कुपी दिसली की ४० च, असंही धरून चालू नका. ग्लार्जिन नावाच्या इन्सुलिनची कुपी १०० ची मिळते.

थेंबांचं म्हणाल तर दोघी बरोबर आहात. तुम्ही मिलीला १५ थेंबांचा सेट धरलाय, मैत्रिणीने २० चा. ५०० ला २० ने गुणा, ४८० मिनिटांनी भागा, २१ येतात. सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं, पाकीट फाडून लगेच कचऱ्यात टाकता म्हणून दिसत नाही. मायक्रो सेट असेल तर मिलीला ६० थेंब.

आता आलोच आहे तर लहान मुलांचं पॅरासिटामॉल. ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम, सिरपमध्ये ५ मिलीत १२५, दुसऱ्या सिरपमध्ये ५ मिलीत २५०. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम द्यायचं तर ड्रॉप्स दीड मिली, एक सिरप सहा मिली, दुसरं तीन. चार्टवर कुणी नुसतं "पॅरासिटामॉल ५ मिली" लिहिलं असेल तर पेन खाली ठेवा आणि विचारा.

जुनी सिस्टर

अगं पोरी, हात थरथरतो ते बरं आहे. माझा थरथरत नव्हता म्हणून माझं झालं.

आपल्याकडे वॉर्डात पाटील किती असतात हे तुला सांगायला नको. रात्रीतून दोन खाटा बदलल्या होत्या. मी सकाळी बीपीची गोळी घेऊन गेले आणि विचारलं, "पाटील आजी ना?" आजी कानाने कमी. म्हणाल्या, "हो बाई." दिली. दहा मिनिटांनी पलीकडच्या पाटील आजींनी विचारलं, आज माझी गोळी नाही का? पायाखालची जमीन सरकली. तशीच इनचार्जकडे गेले, डॉक्टरांना सांगितलं, दुपारपर्यंत दर अर्ध्या तासाने बीपी बघितलं आणि जे झालं तसंच फाइलमध्ये लिहिलं. आजी सुखरूप घरी गेल्या. त्या दिवसापासून नाव मी कधी सांगत नाही, "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणते, आणि मनगटावरच्या पट्टीचा नंबर केसपेपरशी जुळवते. खाट नंबर हा पुरावा नव्हे.

भरलेल्या सिरिंजचं: जे आपण भरलं नाही ते आपण द्यायचं नाही. त्यात पाणी आहे की पोटॅशियम, दिसायला सारखंच. पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं गं.

तिसऱ्या वर्षाचा

सिस्टर, आदर आहे, पण पुस्तकातलं बोलताय. तीस पेशंट, दोन स्टाफ, आठ वाजता राउंड. "मी देणार नाही" म्हणालो तर पुढचे पंधरा दिवस फक्त बेड आणि बीपी. मी भोगलंय.

जुनी सिस्टर

"देणार नाही" म्हणायचंच नाही रे बाबा. "ताई, मला शिकायचंय, माझ्यासमोर एक भरता का?" असं म्हण. बहुतेक जणी भरतात. अगदीच घाई असेल तर "तुम्ही द्या, मी ट्रे धरते, नोंद तुमच्या नावाने करू ना?" नोंदीचं नाव काढलं की घाई आपोआप कमी होते, मी पाहिलंय. आणि नोंद दिल्यानंतरच, आधी टिक मारून ठेवायची नाही. पेशंट उलटी करतो, कधी घेतच नाही.

हरिपूरची, इन्सुलिनच्या आधी अजून एक. साखर तपासलेली आहे ना आणि नाश्ता वॉर्डात आलाय ना, हे डोळ्यांनी बघ. "येतोय" यावर देऊ नकोस.

हरिपूरची

खूप खूप आभार, सिस्टर. पाकिटावरचे थेंब आत्ता बघितले, आमचा सेट २० चा आहे, म्हणजे मैत्रीण जिंकली, तिला भडंग द्यावं लागणार. औषधवाले काका, एक विचारू? लाल टोपणाच्या सिरिंजचं एक पाकीट मी माझ्या पैशांनी घेऊन एप्रनच्या खिशात ठेवलं तर चालेल का?

औषधवाला, मिरज

मी विकायला बसलोय, मी नाही कसं म्हणू? सिस्टरांना विचारा.

जुनी सिस्टर

नको. संपल्या की इनचार्जना सांग, इंडेंट (स्टोअरकडे मागणी) त्यांनी टाकायचा. तुझ्या खिशातून भागायला लागलं तर संपल्यात हे कुणाला कळणारच नाही, आणि तुझी सुट्टी असेल त्या दिवशी पुन्हा कुणीतरी केशरी उचलेल.