जामिनावर असलेल्या 17 वर्षांच्या मुलाला मठाच्या पुनर्वसन उपक्रमात कसं घालायचं?

शेजारधर्म:
मोबाइल चोरीचं प्रकरण, बाल न्याय मंडळासमोर चौकशी चालू. मुलगा जामिनावर घरीच आहे. जवळच्या मठाच्या ट्रस्टमध्ये सकाळी प्रार्थना, मग समुपदेशन, दुपारी वायरिंगचं काम शिकवतात. राहायचीही सोय आहे. पालकांनी थेट नेऊन सोडलं तर चालेल, की ऑर्डर लागते?

कलमदान:
दिवसा जाऊन यायचं असेल तर पालक उद्यापासूनही पाठवू शकतात, जामिनाच्या अटी तेवढ्या तपासा. पण मंडळाच्या फाइलमध्ये त्याची नोंद नसेल, तर मुलगा महिनोन्‌महिने नेटाने गेला तरी निकालाच्या दिवशी हातात कागद नाही. म्हणून आधी परिविक्षा अधिकाऱ्याला (मुलाची माहिती काढून मंडळाला अहवाल देणारा अधिकारी) गाठा. त्यांच्या सामाजिक तपासणी अहवालात उपक्रमाचं नाव, वेळा आणि काय शिकवतात हे यायला हवं. हा अहवाल दोन आठवड्यांत द्यायचा असतो. तो गेला असेल तर वकिलामार्फत अर्ज करा, सोबत ट्रस्टचं पत्र लावा. चौकशीअंती मंडळ 2015च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 18 खाली गटसमुपदेशन, सामाजिक सेवा किंवा व्यवसाय प्रशिक्षणाचा आदेश देऊ शकतं.

राहण्याचं प्रकरण वेगळं. मंडळाने तिथे ठेवायचं तर त्या जागेला कलम 51 ची, म्हणजे मुलं ठेवायला योग्य जागा असल्याची मान्यता हवी, मग चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर जास्तीत जास्त तीन वर्षं तिथे ठेवता येतं. ‘आमचं जुनं वसतिगृह आहे, सगळे ओळखतात’ हे उत्तर चालत नाही. मान्यतापत्राची प्रत मागा, टाळाटाळ झाली तर दुसरी जागा बघा.

नोंदवही:
प्रार्थनेचं आधीच स्पष्ट करून घ्या. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षणाला बसवायचं तर अल्पवयीनाच्या पालकांची संमती लागते, घटनेचं अनुच्छेद 28(3). मठाचा वर्ग त्यात बसो न बसो, पथ्य तेच पाळावं. आदेशात ‘समुपदेशन व वायरिंग प्रशिक्षण’ एवढंच असावं, भजन नको.

घोळ होतो तो हजेरीत. अनेक ठिकाणी एकच वही असते. पोरगा काकडआरतीला उठला नाही की त्या दिवशी ‘गैरहजर’. दुपारी तो बोर्डाला स्विच बसवत होता हे कुठेच नाही, आणि अहवाल जातो ‘अनियमित’. दोन वह्या ठेवायला सांगा, प्रशिक्षणाच्या वहीवर येण्याजाण्याची वेळ आणि शिक्षकाची सही.

शेजारधर्म:
दोन महिन्यांत 18 पूर्ण होतील. मग? आणि नाहीच रमला तर?

कलमदान:
चौकशी मंडळापुढेच चालू राहते, वय उलटलं म्हणून प्रकरण मोठ्यांच्या कोर्टात जात नाही. नाही रमला तर पळून जायची वाट बघू नका. परिविक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवा. संस्था किंवा देखरेख करणारी व्यक्ती बदलून द्यायचा अधिकार मंडळाला कलम 104 ने आहे.

नोंदवही:
एक राहिलं. देणगीदारांसाठी ट्रस्ट फोटो काढतात, ‘सुधारलेली मुलं’ वगैरे मथळे देऊन. प्रकरणातल्या मुलाची ओळख छापणं कलम 74 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. प्रवेशाच्या अर्जातच फोटोला नकार लिहून सही घ्या.