ब्रेक पेडल दगडासारखं कडक लागतंय, पॅड बदलूनही फरक नाही

वाईकर_८५:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. माझी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ९४ हजार किमी झालेत. पंधरा-वीस दिवस झाले ब्रेक पेडल एकदम कडक लागतंय. पहिल्यांदा दाबलं की बरं वाटतं पण लगेच परत दाबलं की दगड, गाडी थांबते पण पाय अक्षरशः रोवून उभं राहावं लागतं, आणि एसी चालू असला की अजून जड. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) इंजिन पण थोडं थरथरतं. गॅरेजवाल्याने पुढचे पॅड बदलले, ब्रेक ऑइल नवीन टाकून एअर काढली, साडेतीन हजार गेले आणि फरक काहीच नाही. आता म्हणतोय मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) टाकू. मी रोज पसरणी घाटाने पाचगणीला जातो, परवा उतरताना पुढे एकदम टेम्पो थांबला तेव्हा आई शेजारी बसलेली होती, रात्री झोप लागली नाही. काय करू?

मिस्त्री_कराड:
भाऊ आधी मास्टर सिलिंडर टाकायचं थांबवा. एअर असली किंवा मास्टर गेला तर पेडल मऊ लागतं, नाहीतर हळूहळू खाली जातं. कडक पेडल म्हणजे बूस्टरची, पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याची, मदत मिळत नाहीये. तुमच्या पेट्रोल गाडीत इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणारी नळी) व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, एका पाईपने बूस्टरला जातं, मध्ये हवा एकाच बाजूने जाऊ देणारा एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असतो. बूस्टरच्या आत पडदा असतो, एका बाजूला व्हॅक्यूम, दुसऱ्या बाजूला तुम्ही पेडल दाबलं की बाहेरची हवा शिरते, त्या फरकाने जोर मिळतो. कुठेतरी हवा चोरून आत जात असेल तर जोर पण जातो आणि आयडलिंग पण बिघडतं, तुमची दोन्ही लक्षणं एकाच जागेची वाटतायत. एसीचं पण तेच, एसीचा लोड आला की मॅनिफोल्डमधलं व्हॅक्यूम आधीच कमी होतं.

घरीच बघा, गाडी सपाट जागी, हॅन्डब्रेक ओढून. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा म्हणजे साठलेलं व्हॅक्यूम संपेल. मग पाय दाबून धरा आणि स्टार्ट मारा. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं तर बूस्टर मदत करतोय, जागचं हललं नाही तर दोष तिकडेच. दुसरं, इंजिन एक मिनिट चालवून बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि मग दाबा. पहिले एक-दोन दाब मऊ लागायला हवेत. पहिलाच दाब कडक असेल तर व्हॅक्यूमचा साठा टिकत नाहीये.
हे सगळं होईपर्यंत घाटात गाडी नेऊ नका, खरंच सांगतोय.

डिझेलवाली_नाशिक:
माझ्या डिझेल गाडीला असंच झालेलं, पण कारण वेगळं निघालं. डिझेलला मॅनिफोल्डमध्ये पुरेसं व्हॅक्यूम तयार होत नाही म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, माझ्यात कॅमशाफ्टच्या टोकाला होता, काही जुन्या गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे असतो. त्याचं सील गेलं आणि इंजिन ऑइल पाईपमधून थेट बूस्टरमध्ये, रबराचा पडदा ऑइलने फुगून खराब झाला. आधी मेकॅनिकने नुसता बूस्टर बदलला, पंप तसाच ठेवला, त्यामुळे तीन महिन्यांत परत तेच. डिझेलवाल्यांनी पाईप काढून आत बोट फिरवून बघा, ऑइल लागलं तर पंपाचं आधी बघा.

घाटरस्ता_काका:
वाईकर, मिस्त्रींचं ऐका. आणि एक सांगतो, पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलला गाडी सोडणारे अजून दिसतात मला. इंजिन बंद झालं की बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतंच व्हॅक्यूम उरतं, पुढे तुमच्यासारखाच दगड, पॉवर स्टीअरिंग पण जड. उतरताना दुसरा गिअर, ब्रेक दाबून सोडायचा, धरून नाही ठेवायचा.

वाईकर_८५:
सगळ्यांचे मनापासून आभार. टेस्ट केली. स्टार्ट केल्यावर पेडल जेमतेम किंचित सरकलं, आणि दहा मिनिटांनी पहिलाच दाब कडक! बॉनेट उघडल्यावर बूस्टरकडे बारीक सूं आवाज येतोय. आता बूस्टरच गेला का? नवीन फार महाग सांगतायत.

मिस्त्री_कराड:
घाई करू नका. आवाज बॉनेटमध्ये येतोय की आत पेडलपाशी? आत येत असेल तर पडदा किंवा मागचं सील, मग बूस्टर. बॉनेटमध्ये येत असेल तर स्वस्तात सुटाल बहुतेक. व्हॉल्व्ह बूस्टरमध्ये जिथे बसतो तिथे एक रबरी गोल बुश असतो, त्यावर साबणाचं पाणी थोडंसं लावा, आवाज क्षणभर बदलला तर तोच चोर. आणि व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून बघा, एकाच बाजूने हवा गेली पाहिजे.

वाईकर_८५:
काका, मिस्त्री, सापडलं!! तो रबरी बुशच. बोटाने दाबला तर कडकडीत वाळलेला, खालच्या बाजूला चीर, पाणी लावल्यावर आवाज दोन सेकंद बंद. व्हॉल्व्ह फुंकून बघितला, तो चांगला आहे पण पाईपचं टोक पण तडकलेलं होतं म्हणून बुश आणि पाईप दोन्ही नवीन घातले, सगळं मिळून ७८० रुपये. स्टार्ट मारल्याबरोबर पेडल खाली गेलं, आयडलिंग पण शांत. आज एकटाच पसरणीने वर जाऊन खाली आलो, एसी लावून पण बघितलं. उद्या आईला घेऊन जातो.

मिस्त्री_कराड:
छान झालं भाऊ. आठवड्याने पाईपची क्लिप परत एकदा आवळून घ्या, नवीन पाईप बसल्यावर जरा सैल पडते.