प्रोटोकॉल राहू द्या, गोष्ट सांगा

मॅस्टोडॉन (अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारं, ट्विटरसारखं सोशल नेटवर्क) सामान्य माणसाच्या गळी कसं उतरवायचं, असा प्रश्न एकानं विचारलाय. सर्व्हर, प्रोटोकॉल हे शब्द आधी बाजूला ठेवा. इंदूरच्या आमच्या मंडळातल्या काकूंना मी म्हटलं, राजवाड्याजवळचं घर सोडून सुदामानगरात गेलात तरी जुने शेजारी गणपतीला येतातच ना? तसंच इथं सर्व्हर बदलला तरी फॉलोअर सोबत येतात. (जुन्या पोस्ट मागेच राहतात, तेही तेव्हाच सांगायचं, नंतर कळलं तर विश्वास उडतो.)

काकूंनी विचारलं, "मग मालक कोण?" हा प्रश्न आला की निम्मं काम झालं. एक मालक नाहीच. प्रत्येक सर्व्हरचा चालक आणि नियम वेगळे. डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं २०१८ साली मानक ठरवलेल्या ॲक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलमुळे, म्हणजे सर्व्हरांच्या सामायिक भाषेमुळे, ते आपसात बोलतात. एक बंद पडला तरी बाकीचे चालू. काकूंना हे मनापासून पटलं, कारण मंडळाच्या नाटकांचे फोटो एका साइटबरोबर कायमचे गेलेत.