पुढे रोमचा बादशहा झालेला पर्टिनॅक्स वर चढला तो कामावर की वशिल्यावर?

रात्रपाळी: बाप गुलामीतून सुटलेला व्यापारी. पोरगा आधी मास्तरकी करायचा, त्यात भागेना म्हणून सैन्यात गेला आणि सीरियात एका कोहॉर्टचा (पायदळाच्या तुकडीचा) प्रीफेक्ट, म्हणजे प्रमुख झाला. पहिल्याच पोस्टिंगला परवाना न घेता सरकारी टपालाच्या गाड्या वापरल्या, गव्हर्नरनं अँटिओक शहरापासून त्याच्या तुकडीच्या तळापर्यंत पायी पिटाळला! पुढे ब्रिटन, मोएशियात (डॅन्यूब नदीकाठचा प्रांत) घोडदळ, इटलीत एमिलिया रस्त्यावर गरीब मुलांच्या अनुदानाचं वाटप, जर्मनीतलं आरमार, मग डेशिया (आजच्या रोमेनियातला प्रांत), तिथं पगार वर्षाला २ लाख सेस्टर्स (रोमन नाणी). साध्या शिपायाला १२०० मिळायचे तेव्हा. इक्वेस्ट्रियन लोकांची (सिनेटरांच्या खालचा श्रीमंत वर्ग) ही शिडी कामावरच चालायची असं माझं मत.

खडूस_काका: कामावर? इक्वेस्ट्रियन व्हायला ४ लाखांची मालमत्ता लागायची आणि टिबेरियस बादशहाच्या काळात इ.स. २३ ला नियम झाला की बाप आणि आजासुद्धा जन्मानं स्वतंत्र हवेत. ह्याचा तर बापच गुलाम होता. घुसला कसा मग? बापाचा आश्रयदाता लोलियानस अविटस, माजी कॉन्सुल (रोमचं सर्वात मानाचं पद), त्याच्याकडे शब्द टाकून. आमच्याकडे ह्याला वशिलाच म्हणतात.

रात्रपाळी: काका, शब्द टाकून आत शिरता येतं, पण पार्थियन युद्धात (इराणकडच्या साम्राज्याशी) नाव काढलं ते काय चिठ्ठीवर? आणि मागे एवढा मोठा हात होता तर गव्हर्नरनं पायी चालवला असता का?

खडूस_काका: बरं, डेशियातून काढला का? कुणीतरी कान भरले आणि बादशहा मार्कस ऑरेलियसनं घरी बसवला. परत कुणी आणला? पॉम्पेयानसनं, म्हणजे बादशहाच्या जावयानं. जातानाही माणसं, येतानाही माणसंच.

जुनी_नाणी: दोघंही अर्धवट बोलताय. जावयानं आणला तो खुर्ची उबवायला नाही, डॅन्यूबवर लढाई पेटलेली, त्यात साथीनं माणसं पटापट मेलेली, कामाचा माणूस हवाच होता. पण त्याच्यासारखे आणखी किती कामाचे असतील ज्यांना जावई भेटलाच नाही, त्यांचं कोण लिहिणार? मला तर त्याची आईच आठवते, पोराच्या मागे जर्मनीपर्यंत गेली आणि तिथंच वारली.

रात्रपाळी: कोलोनजवळ ब्र्यूलला शिलालेख सापडलाय, त्यात ही पदं एकेक करून कोरलीयत.

खडूस_काका: आणि पायी चालवल्याचं?

रात्रपाळी: ते फक्त जुन्या चरित्रात. दगडावर कोण कोरून घेईल 😄