घरच्या पीसीबीवर पांढरा थर, फ्लक्स कसा काढू?

गच्चीवरची टाकी
टाकीच्या पाण्याची पातळी दाखवणारं सर्किट केलंय. पीसीबी, म्हणजे तांब्याच्या ट्रॅकचा बोर्ड, घरीच फेरिक क्लोराइडमध्ये काढलेला. सोल्डर ६०/४० (कथिल-शिसं), रोझिनवाली, म्हणजे सांधा नीट धरावा म्हणून आत राळेचा फ्लक्स असलेली. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं स्पिरिट लावून पुसलं. चिकटपणा गेला, पण सुकल्यावर बोर्डभर पांढुरका थर आला. तसंच ठेवलं तर चालेल? डबा गच्चीवर राहणार, गाव रत्नागिरी.

जुना रेडिओवाला
राळ गेली नाही, नुसती पसरली. स्पिरिट उडालं की विरघळलेली राळ तिथेच बसते, आणि त्यातल्या पाण्यात ती विरघळतच नाही. ९९ टक्क्यांचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणा. बोर्ड तिरपा धरून टूथब्रशने घासा आणि ओला असतानाच वरून ताजं आयपीए सोडा, म्हणजे घाण खालच्या कडेने वाहून जाईल. मग पुन्हा एकदा. कापूस नको, तंतू अडकतात. सोल्डरिंग आयर्न बंद, खिडकी उघडी. याची वाफ आपल्याकडच्या साध्या हवेतही पेट घेते.

खरं तर नुसती राळ मी बऱ्याचदा ठेवतो. जुन्या व्हॉल्व्ह सेटांत कारखान्यातली राळ अजून दिसते आणि सेट वाजतात. पण तुमच्या प्रोबमधून ट्रान्झिस्टरच्या बेसला मायक्रोअँपिअरमध्येच करंट जाणार. दमट हवेत ट्रॅकमधली घाण तेवढा सहज सोडते आणि टाकी रिकामी असताना एलईडी मिणमिणतो. डबीतली सोल्डरिंग पेस्ट वापरलीत का?

गच्चीवरची टाकी
प्रोबच्या जाड वायरींना लावली होती. डबीवर झिंक क्लोराइड लिहिलंय.

जुना रेडिओवाला
मग ठेवायचा प्रश्नच नाही. ते हवेतलं पाणी ओढतं आणि तांबं खातं. आधी आयपीएने राळ आणि पेस्टचा ओशटपणा काढा, मग कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचा थेंब, मग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, शेवटी परत आयपीए. बझर आणि प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) भिजवू नका. जमलं तर धुतल्यावरच लावा.

रिपेअरिंग काउंटर
एवढं कशाला? थिनर मारा, दोन मिनिटांत चकाचक. आम्ही रोज तेच करतो.

जुना रेडिओवाला
मोबाइलच्या बोर्डवर तांबं झाकणारा हिरवा थर, मास्क, असतो, तुमचा हातही बसलेला. इथे प्लास्टिकचे कनेक्टर आहेत, थिनरने काही प्लास्टिक मऊ पडतं.

आणि टाकीवाले, मास्क नसल्यामुळे उघडं तांबं काळं पडेल. पूर्ण सुकल्यावर क्लिअर लॅकरचा स्प्रे मारा, टर्मिनलवर आधी टेप लावून.

गच्चीवरची टाकी
बझर आधीच लावलाय. भोकावर टेप लावून धुतो.